शेवटच्या नळाचं इंजिनिअरिंग

मोखाडा-कर्जतमध्ये वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये तिथल्याच वाड्यापाड्यांवर टँकर येतो. कातळात पाणी मुरत नाही, उतारावर ठरत नाही. हा प्रश्न एम.टेक.च्या विद्यार्थ्यापुढे संशोधनाचा विषय म्हणून ठेवणारं केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. सगळे त्याला ‘सितारा’ म्हणतात. पूर्ण नाव सेंटर फॉर टेक्नॉलॉजी ऑल्टरनेटिव्हज फॉर रूरल एरियाज, स्थापना १९८५. ‘टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंट’मधलं एम.टेक. इथे २००७ पासून आहे, पीएच.डी.ही करता येते.

‘गेट’ देऊन सिव्हिल, मेकॅनिकल, कॉम्प्युटर अशा वेगवेगळ्या शाखांतली मुलं येतात. त्यांना अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून काही आठवडे गावात मुक्काम करावा लागतो. माझ्या मते या पदवीचा कणा तोच. टाकी भरलेली असूनही शेवटच्या घरातला नळ कोरडा का, हे टेकाडावरच्या त्या घराशी उभं राहिल्यावरच नीट कळतं.

मग गणित सुरू होतं. जाड पाइप महाग. बारीक पाइपात घर्षणाने दाब घटतो. पाइपांच्या जाळ्याचे वीस तुकडे आणि बाजारात मिळणारे आठ व्यास धरले, तरी पर्यायांची संख्या अब्ज गुणिले अब्जाच्या पुढे जाते. कागदावर इंजिनिअर त्यातले चार-दोनच तपासू शकतो. आयआयटीतल्या संशोधनातून तयार झालेलं ‘जलतंत्र’ हे सॉफ्टवेअर, प्रत्येक गावाला पुरेसा दाब राखून, सर्वांत स्वस्त जुळणी शोधून देतं. फांद्यांसारख्या पसरलेल्या जाळ्यासाठी हा प्रश्न लिनिअर प्रोग्रॅमिंग या गणिती पद्धतीत बसवता येतो. हे सॉफ्टवेअर मोफत वापरता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. नळपाणी योजना आखणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याच्या हाती असं साधन क्वचितच येतं.

शेतीतही असंच काम झालं आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी पाऊस, माती आणि पिकं यांवरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत आयआयटीने बसवून दिली.

पवईच्या जागा मोजक्याच. म्हणून राज्यातली महाविद्यालयं या कामाला जोडण्यासाठी २०१६ मध्ये सुरू झालेलं उन्नत महाराष्ट्र अभियान मला अधिक महत्त्वाचं वाटतं. जालना किंवा सांगलीतल्या मुलाने प्रकल्पासाठी तयार मॉडेल विकत घेण्याऐवजी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात जाऊन एखाद्या बंद पडलेल्या योजनेचे नकाशे मागावेत. मार्गदर्शक प्राध्यापकांनीही सोबत जावं.