प्रेक्षागृहातील द्वेष आणि नागपूरचे मैदान

ऑक्टोबर 2007 मध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स फलंदाजीस आला, तेव्हा काही प्रेक्षकांनी माकडचेष्टा करून त्याची हेटाळणी केली, आणि वंशद्वेष हा केवळ युरोपीय फुटबॉलचा रोग आहे, हा महाराष्ट्रातील सोयीस्कर समज त्या दिवशी उघडा पडला. अशा प्रेक्षकांना बाहेर काढणे किंवा फुटबॉलमधील त्रिस्तरीय नियमानुसार सामना आधी थांबवणे, मग काही काळ स्थगित करणे व शेवटी रद्द करणे, हे उपाय आवश्यक असले तरी ते घटनेनंतरचे आहेत.

नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाचे तत्कालीन क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 पासून झोपडपट्टीतील मुलांसाठी उभारलेल्या ‘स्लम सॉकर’ या फुटबॉल संस्थेचे काम या दृष्टीने अधिक मूलगामी ठरते, कारण ज्यांना समाज सहज हिणवतो त्यांनाच ते मैदानाच्या मध्यभागी आणते. ही संस्था ज्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात सामील झाली, त्यात ‘फुटबॉल-थ्री’ ही पद्धत रुजली आहे. तीत पंच नसतो, मुलेमुली एकत्र खेळतात, सामन्यापूर्वी नियम आपसांत ठरवतात आणि नंतर एकमेकांच्या वर्तनाला गुण देतात. तिचा उगम कोलंबियातील मेदेयीन शहरात, 1994 मध्ये आंद्रेस एस्कोबार या खेळाडूची स्वयंगोलनंतर हत्या झाल्यावर, झाला.

2016 मध्ये ‘फिफा’ने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक महासंघाने, ‘स्लम सॉकर’ला विविधता पुरस्कार दिला, त्याच वर्षी आपले वंशद्वेषविरोधी कृतिदल मात्र काम संपल्याचे सांगून विसर्जित केले.