कसूर कोणाची?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी हवाई दलाची कित्येक विमाने, विशेषतः ‘बी-१७’ जातीची बाँबफेकी विमाने, सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवरच मोडून पडत. कारण पंखांचे फ्लॅप मिटवण्याऐवजी वैमानिक चाके वर घेण्याची कळ फिरवीत आणि ते अवजड धूड पोटावर घसटत जाई. चौकशी रीतसर होई आणि ‘वैमानिकाची कसूर’ असा शेरा मारून प्रकरण दफ्तरदाखल केले जाई. ओहायोतील राइट फील्ड येथे काम करणाऱ्या अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाला हा निवाडा पटेना. शिक्षणात वा दक्षतेत कोठेही उणी नसलेली माणसे नेमकी तीच चूक पुनःपुन्हा करतात, आणि अन्य काही विमानांवरील वैमानिक ती करीत नाहीत, त्या अर्थी तिचे मूळ त्यांच्या हाताशी ठेवलेल्या वस्तूतच असले पाहिजे, हे त्याने ताडले. दोन्ही कळा शेजारी शेजारी आणि एकाच घडणीच्या होत्या. चाकांच्या कळेला चाकासारखी आणि फ्लॅपच्या कळेला पाचरीसारखी मूठ बसवताच, अंधारात व थकव्यातही बोटांना स्पर्शाने भेद कळू लागला आणि ते अपघात जवळजवळ थांबले. प्रवासी विमानांतील या दोन मुठींचे आकार अमेरिकी नियमांत आजही नेमून दिलेले आहेत.

पुढे १९४७ साली पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० चुकांची छाननी केली, आणि यंत्राची रचना माणसाच्या शक्तीला व मर्यादांना अनुरूप करणारे शास्त्र हळूहळू आकारास आले.

हे शास्त्र दृष्टिआड झाले म्हणजे काय होते, ते २८ मार्च १९७९ च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातील थ्री माईल आयलंड अणुवीजकेंद्रात दिसले. दाब कमी करण्यासाठी उघडलेली एक झडप मिटलीच नाही. परंतु फलकावरचा दिवा विझला, कारण तो झडपेची खरी स्थिती दाखवीत नसून तिला मिटण्याचा हुकूम सुटल्याचे तेवढे दाखवीत होता. दिव्यावर विसंबलेल्या कर्मचाऱ्यांनी, शंभरावर धोक्याच्या सूचना एकाच वेळी घणघणत असताना, अणुभट्टीत पाणी अतोनात भरले आहे असे समजून आपत्कालीन पाणीपुरवठाच आवरता घेतला. दोन तासांहून अधिक काळ पाणी निसटत राहिले आणि भट्टीतील इंधनाचा जवळपास निम्मा भाग वितळला. प्रशिक्षणातील उणिवा होत्याच. तथापि, ज्या दिव्याने त्यांना खोटे सांगितले, त्याच्या रचनाकारांची जबाबदारी मला अधिक गुरुतर वाटते.

म्हणून कचेरीसाठी वा इस्पितळासाठी यंत्रे खरेदी करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांना माझी विनंती आहे की, मंजुरीची सही करण्यापूर्वी ते यंत्र रोज हाताळणाऱ्या कारकुनाच्या वा परिचारिकेच्या हाती द्यावे, शेजारी उभे राहावे, आणि हात कोठे अडखळतो ते मुकाट्याने टिपून घ्यावे.