चित्रपटाकडून खेळाकडे : 'गोल्डनआय ००७' आणि माध्यमांतराचा प्रश्न

बीजसंज्ञा : माध्यमांतर, व्हिडिओ गेम, कथानक, अवकाश, जेम्स बाँड

प्रस्तावना

कथेचे नाटक होणे, नाटकाचा वा कादंबरीचा चित्रपट होणे ही माध्यमांतराची रूपे साहित्याच्या अभ्यासकांना परिचयाची आहेत. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला. अशा वेळी मूळ कृतीतील काय राहिले, काय गळले आणि काय नव्याने आले, असे प्रश्न विचारता येतात. ते विचारता येतात, कारण दोन्हीकडे एक सांगणारा आणि एक ग्रहण करणारा असतो. चित्रपटाचा व्हिडिओ गेम होतो तेव्हा ही मांडणीच बदलते. पाहणाऱ्याला करणारा व्हावे लागते. नायक कोणत्या दाराने आत जाईल, हे दिग्दर्शक ठरवीत नाही. ज्याच्या हाती कंट्रोलर आहे तो ठरवतो, आणि तो चुकूही शकतो. चित्रपटातला जेम्स बाँड पहिल्याच प्रसंगात मरू शकत नाही. खेळातला बाँड पहिल्या पाच मिनिटांत दहा वेळा मरतो.

प्रस्तुत लेखात 'गोल्डनआय ००७' या खेळाचा या दृष्टीने विचार केला आहे. इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यातील ट्वायक्रॉस या खेड्यात असलेल्या रेअर या कंपनीने तो निन्टेंडो ६४ या कन्सोलसाठी तयार केला. ऑगस्ट १९९७ मध्ये तो बाजारात आला आणि त्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या. चित्रपटावर बेतलेला खेळ हा सुमारच असायचा, असा समज ज्या काळात पक्का झाला होता, त्या काळातला हा ठळक अपवाद होय. या अपवादाचे श्रेय सामान्यतः नव्या त्रिमितीय तंत्राला दिले जाते. ते अपुरे वाटते. त्याच तंत्रावर त्या काळी अनेक निकृष्ट खेळही निघाले. खरे कारण माध्यमांतरविषयक एका निर्णयात सापडते : या खेळाने चित्रपटाची गोष्ट दुय्यम मानली आणि त्याची स्थळे आपलीशी केली.

परवान्याची घाई

वरील समज निराधार नव्हता. चित्रपटावरील खेळ हा बहुधा प्रसिद्धीचा भाग म्हणून काढला जाई आणि त्याची तारीख चित्रपटाच्या वा सणाच्या तारखेला बांधलेली असे. याचे सर्वात कुप्रसिद्ध उदाहरण 'ई. टी.'चे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा चित्रपट जून १९८२ मध्ये आला. त्याच वर्षीच्या नाताळात अटारी २६०० या कन्सोलवर खेळ हवा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकाच प्रोग्रॅमरला जेमतेम पाच आठवडे मिळाले. न खपलेल्या प्रती इतर मालाबरोबर १९८३ साली न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरल्या गेल्या आणि एप्रिल २०१४ मध्ये त्यांतील काही उकरून काढण्यात आल्या. या पुरण्याचीच कथा एवढी गाजली की वॉर्शॉ यांना मिळालेला वेळ हा मूळ मुद्दा मागे पडला.

'गोल्डनआय'च्या बाबतीत नेमके उलट घडले. मार्टिन कॅम्बेल दिग्दर्शित आणि पिअर्स ब्रॉस्नन यांची भूमिका असलेला चित्रपट नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रदर्शित झाला. खेळ येईपर्यंत आणखी पावणेदोन वर्षे गेली. ब्रॉस्नन यांचा पुढचा बाँडपट तोवर चार महिन्यांवर येऊन ठेपला होता. व्यापारी हिशोबाने हा उशीर घातक ठरायला हवा होता. प्रत्यक्षात खेळ चित्रपटाच्या जाहिरातीच्या कामातून मुक्त झाला. आपल्या पायावर उभे राहण्यावाचून त्याला गत्यंतर उरले नाही.

या कामाचे प्रमुख मार्टिन हॉलिस होते. त्यांच्या हाताखालची तुकडी लहान होती आणि तिच्यातील बहुतेकांनी त्यापूर्वी एकही व्हिडिओ गेम तयार केलेला नव्हता. काम सुरू झाले तेव्हा निन्टेंडो ६४ हे यंत्र अंतिम रूपात अस्तित्वात नव्हते. आरंभी कल्पना होती ती सेगा कंपनीच्या 'व्हर्च्युआ कॉप' या आर्केडमधील खेळाच्या धर्तीची, म्हणजे रुळांवरून पुढे सरकणारा कॅमेरा आणि खेळाडूने फक्त नेम धरायचा. ही योजना तशीच राहिली असती तर चित्रपटाची एकरेषीय गती खेळातही जशीच्या तशी उतरली असती. पुढे रूळ सोडून दिले गेले आणि खेळाडूला चालण्याची मोकळीक मिळाली.

नेपथ्याचे जग

चित्रपटाचे चित्रीकरण लंडनजवळच्या लीव्हस्डेन येथे, विमानाची इंजिने बनवणाऱ्या जुन्या कारखान्याच्या जागी उभारलेल्या स्टुडिओत चालू होते. खेळाच्या तुकडीतील सदस्य तेथे जाऊन आले. त्यांना नेपथ्याची छायाचित्रे आणि आराखडे मिळाले. येथे एक गंमतीचा पेच उभा राहतो. चित्रपटाच्या नेपथ्याला कॅमेऱ्यापुरते अस्तित्व असते. चौकटीबाहेर भिंत नसली तरी चालते, दारामागे खोली नसली तरी बिघडत नाही. खेळात मात्र खेळाडू ते दार उघडणारच. त्यामुळे चित्रपटाने जे दाखवले नाही, ते या तुकडीला बांधावे लागले.

धरणाचे उदाहरण बोलके आहे. चित्रपटाच्या प्रारंभी बाँड सोव्हिएत धरणाच्या माथ्यावरून धावत येतो आणि दोरीच्या आधाराने खाली उडी घेतो. ही उडी स्वित्झर्लंडमधील व्हेर्झास्का खोऱ्यातील २२० मीटर उंचीच्या धरणावर चित्रित झाली. प्रेक्षकाच्या दृष्टीने हा प्रसंग काही क्षणांचा. खेळात याच क्षणांचा एक संपूर्ण टप्पा होतो. बोगदा, टेहळणीचे मनोरे, फाटक, मालमोटार आणि धरणाच्या पोटातील खोल्या पार केल्यावर शेवटी ती उडी येते. सर्वात सोप्या पातळीवर केवळ उडी मारली की काम झाले. वरच्या पातळ्यांवर धोक्याचे भोंगे निकामी करणे, संगणकातील माहिती हस्तगत करणे अशी कामे वाढत जातात. खेळाडू त्याच जागेत परत येतो आणि तिथल्या ज्या खोलीकडे आधी दुर्लक्ष केले होते, तिच्यात शिरतो. काठीण्य वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे शत्रूंची संख्या वाढवणे. त्याला हेतूंची जोड देण्याची ही युक्ती 'सुपर मारिओ ६४'वरून सुचल्याचे हॉलिस यांनी सांगितले आहे.

हॉलिस यांनी २००४ सालच्या एका व्याख्यानात कामाच्या पद्धतीविषयी जे सांगितले, ते तर माध्यमांतराच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात घ्यावे असे आहे. स्थळे रचणाऱ्यांनी आधी स्थळे रचली. खेळाडू कोठून सुरुवात करील, कोठून बाहेर पडेल, पहारेकरी कोठे असतील, यांचा विचार त्या वेळी बहुधा झालेलाच नव्हता. त्या तयार जागेत कामे आणि माणसे नंतर बसवली गेली. ही पद्धत अव्यवस्थित होती, याची कबुलीही त्यांनी दिली. परंतु तिच्यामुळेच अनेक टप्प्यांत अशा खोल्या राहिल्या, ज्यांचा हेतूशी काही संबंध नाही. खऱ्या इमारतीत असेच असते. खेळाडूसाठी म्हणून बांधलेल्या जगात प्रत्येक दार काहीतरी सांगत असते. या खेळातली काही दारे काहीच सांगत नाहीत, आणि म्हणून ते जग आधीपासून तेथे होते असे वाटते. धरणावरून दुर्बिणीच्या भिंगातून पाण्यापलीकडे एक बांधकाम दिसते. तेथे सरळ मार्गाने जाता येत नाही. अर्धवट सोडलेल्या योजनेचा तो अवशेष, पण कित्येक खेळाडूंनी त्याच्याविषयी तर्क लढवण्यात तासन् तास घालवले.

हे सारे १२ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेले होते. (कार्ट्रिजला आपल्याकडे सर्रास 'कॅसेट' म्हटले जाई.) ध्वनिमुद्रित संवादांना त्यात जागा नव्हती, पात्रे बोलतात ती पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांतून. चित्रफिती तर दूरच. कथन करण्याची साधने अशी तुटपुंजी असल्याने स्थळांवर भिस्त ठेवणे हे काही अंशी सक्तीचेही होते, हे मान्य केले पाहिजे.

बाँड : व्यक्ती की वर्तन?

पहिल्या पुरुषाच्या दृष्टिकोनातून चालणाऱ्या खेळात नायक दिसत नाही. दिसतात ते त्याचे हात आणि शस्त्र. ब्रॉस्नन यांचा चेहरा परवान्यात मिळूनही खेळाच्या बहुतांश काळात तो पडद्याबाहेरच राहतो. मग हा बाँड आहे, हे कशावरून जाणवते? उत्तर वर्तनात आहे. आवाजरोधक बसवलेले पिस्तूल वापरले तर शेजारच्या खोलीतील पहारेकऱ्याला सुगावा लागत नाही. यंत्रबंदुकीने अंधाधुंद गोळीबार केला तर चहूबाजूंनी माणसे धावत येतात. पहारेकऱ्याच्या पाठीमागून जाता येते. गोळी हाताला लागली की तो हात धरतो, पायाला लागली की लंगडतो. गमावलेले आयुष्य टप्प्यात पुन्हा भरून येत नाही. मिळालेच तर चिलखत मिळते. नियमांचा हा संच खेळाडूला सावध, मोजूनमापून वागायला लावतो. गुप्तहेराचे गुप्तपण अशा रीतीने संवादातून न येता नियमांतून येते.

रासायनिक अस्त्रांच्या केंद्राचा टप्पा शौचालयाच्या वरच्या हवेच्या नळीतून सुरू होतो. चित्रपटात बाँड तेथूनच उलटा लोंबकळत पहारेकऱ्यासमोर अवतरतो आणि प्रेक्षक हसतो. खेळात तोच प्रवेश खेळाडू स्वतःच्या मर्जीने करतो. विनोद हरवतो, त्याची जागा श्वास रोखून धरण्याने घेतली जाते.

जे निसटले

लाभाबरोबर हानीही नोंदवली पाहिजे. चित्रपटाचा कणा म्हणजे ॲलेक ट्रेव्हेल्यन, म्हणजेच ००६, याचा विश्वासघात. मित्र मेला असे समजून नायकाने नऊ वर्षे काढलेली असतात. तो शत्रू म्हणून समोर येतो, तेव्हा त्या धक्क्याला भावनिक वजन असते. खेळात हा प्रसंग आहे, परंतु पडद्यावरील दोन-चार ओळींत उरकलेला. शेवटच्या टप्प्यात ट्रेव्हेल्यनचा पाठलाग चुरशीचा होतो, तरी खेळाडूच्या लेखी तो अधिक चिवट शत्रूच असतो.

नताल्या सिमोनोव्हाची हानी याहून मोठी. चित्रपटात ती हुशार, स्वतंत्र बुद्धीची संगणकतज्ज्ञ आहे. खेळात तिला जपणे हे एक काम होऊन बसते. ती गोळीबारात मधोमध येऊन उभी राहते, ती मेली की टप्पा फसतो, आणि खेळाडू तिच्यावर वैतागतो. पात्राचे ओझे कसे होते, याचा हा नमुना. संगणकनियंत्रित सहकाऱ्याला शहाणपणाने वागवण्याची विद्या तेव्हा बाल्यावस्थेत होती हे खरे. पण असे ओझे स्त्रीपात्राच्याच वाट्याला यावे, हा केवळ तंत्राचा दोष म्हणता येणार नाही.

मरणाऱ्यांचे काय?

कृतीप्रधान खेळावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप हिंसेचा. तो 'गोल्डनआय'वर त्याच्या निर्मितिकाळातच, आणि तोही घरातूनच घेतला गेला. 'मारिओ'चे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी खेळ पाहून काही सूचना पाठवल्या. जवळून होणाऱ्या हत्या फार आहेत, ते भीषण वाटते, अशी त्यांची तक्रार होती. शेवटी खेळाडूने रुग्णालयात जाऊन सर्व शत्रूंशी हस्तांदोलन करावे, अशीही एक सूचना होती. हा प्रसंग हॉलिस यांनी २०१५ साली नॉटिंगहॅम येथील गेमसिटी महोत्सवात सांगितला.

सूचना हास्यास्पद म्हणून सोडून देता येईल, पण तसे करू नये. चित्रपटात पहारेकरी मरतो तेव्हा त्याला मारणारा पडद्यावरचा नट असतो. खेळात बटण खेळाडूने दाबलेले असते. जबाबदारीचे हे स्थलांतर माध्यमांतराबरोबर अपरिहार्यपणे घडते, आणि मियामोतो यांनी बोट ठेवले ते नेमके त्यावर. रुग्णालय खेळात आले नाही. मात्र अखेरीस चित्रपटाच्या श्रेयनामावलीप्रमाणे पात्रांची ओळख करून देणारी मालिका घालण्यात आली. हे सगळे नट होते, हे खोटे होते, असे ती सुचवते. ज्या खेळाने चित्रपटाच्या नेपथ्याला खऱ्या इमारतीचे रूप दिले, तोच खेळ शेवटी आपण चित्रपट असल्याची आठवण करून देतो. या उपायाने मूळ आक्षेप मिटतो का, याबद्दल दुमत होऊ शकते. तो पुरेसा वाटत नाही.

परवान्याची दुसरी बाजू

चारजणांनी एकाच पडद्याचे चार भाग करून परस्परांशी खेळण्याची सोय निर्मितीच्या अगदी शेवटच्या महिन्यांत जोडली गेली. ती मूळ योजनेत नव्हती. तरीही आज अनेकांच्या स्मरणात खेळ राहिला तो तिच्यामुळे. चित्रपटाशी तिचा संबंध नावापुरताच.

परवान्याने या खेळाला जन्म दिला, तसेच त्याला दीर्घकाळ अडवूनही धरले. बाँडवरील खेळांचे हक्क पुढे दुसऱ्या कंपन्यांकडे गेले आणि २००२ साली रेअर मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाली. चित्रपटाचे हक्कदार, कन्सोलची कंपनी आणि खेळाची निर्माती यांची तोंडे तीन दिशांना. मूळ चित्रपट या काळात डीव्हीडीवर आणि अन्यत्र सहज मिळत होता. खेळ मात्र जुने यंत्र आणि जुने कार्ट्रिज ज्यांच्यापाशी होते त्यांच्यापुरता उरला. नव्या यंत्रासाठी तयार केलेली एक आवृत्ती अप्रकाशितच राहिली. अखेर २७ जानेवारी २०२३ रोजी मूळ खेळ निन्टेंडो आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही यंत्रांवर पुन्हा उपलब्ध झाला, म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळानंतर.

दरम्यान, चित्रपटाच्या अखेरच्या संघर्षाचे जेथे चित्रीकरण झाले, ती पोर्तो रिको येथील अरेसिबोची ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. तिच्यावरून घेतलेला टांगता मनोरा खेळाच्या शेवटच्या टप्प्यात आहे. त्याच्या अरुंद लोखंडी वाटांवरून ट्रेव्हेल्यनच्या मागे अजूनही धावता येते.