हाड विरघळवतं कोण?

"दात साफ करून घेतले आणि तेव्हापासून हलायला लागले." पंचवटीपासून सातपूरपर्यंत नाशिकमध्ये हे इतक्या जणांकडून ऐकलंय, की ते खरं का वाटतं हे आधी सांगायला हवं. पायरिया जुना असेल तर दातांच्या मुळांभोवतीचं हाड कधीच झिजलेलं असतं. सुजलेली हिरडी ती पोकळी झाकते आणि दगडासारखं झालेलं किटण शेजारच्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं. किटण निघालं, सूज उतरली, की आतली झीज उघडी पडते. दोष मात्र सफाईच्या माथी जातो.

हे हाड नेलं कोणी? जंतूंनी खाल्लं, असं आपण सहज म्हणून टाकतो. हाड विरघळवणाऱ्या पेशी खरं तर आपल्याच शरीराच्या असतात. त्यांना अस्थिभंजक म्हणतात. एरवी त्या जुनं हाड काढतात, दुसऱ्या पेशी तिथं नवं रचतात आणि हिशेब जुळतो. हिरडीखाली चिकट थर साचला की प्राणवायूशिवाय जगणारे जंतू तिथं फोफावतात. त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी रँकएल नावाचं प्रथिन तयार करतात आणि त्याच्या इशाऱ्यावर अस्थिभंजकांची फौज उभी राहते. त्या आम्ल सोडून हाडातलं कॅल्शियम विरघळवतात. नवं रचायची गती मागं पडते.

या जंतूंतला सर्वांत बदनाम म्हणजे पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. जॉर्ज हाजिशेंगॅलिस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला उंदरांवरचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. तोंडात दुसरे कुठलेच जंतू नसलेल्या उंदरांना हा एकटा दिला, तर हाड शाबूत राहिलं. नेहमीच्या जंतूंच्या वस्तीत तो अगदी थोड्या संख्येनं शिरला, तर हाड झिजलं. म्हणजे हा स्वतः फारसं करत नाही, साध्यासुध्या शेजाऱ्यांना बिघडवतो.

तरी सगळ्यांचं हाड सारखं झिजत नाही. श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांना हॅराल्ड लो यांच्या चमूनं १९७० पासून १५ वर्षं तपासलं. दातांची निगा कुणाचीच नव्हती, किटण सर्वांनाच होतं. सुमारे ८ टक्के लोकांचा आजार झपाट्यानं वाढला, ८१ टक्क्यांचा बेताबेतानं, तर ११ टक्क्यांचा हिरड्यांच्या सुजेपुढं सरकलाच नाही. प्रत्येकाचं शरीर जंतूंना वेगळं उत्तर देतं. साखर ताब्यात नसली की हे उत्तर जास्त विध्वंसक होतं. उलट हिरड्यांवर नीट उपचार झाले, तर मधुमेह्याची तीन महिन्यांची सरासरी साखरही थोडी उतरते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्तही कमी येतं, त्यामुळं आजार दडूनच राहतो.

ज्यांना ब्रश करताना रक्त दिसतं, त्यांतले कित्येक जण घाबरून नेमकी तीच जागा घासायचं सोडतात. थर तिथं आणखी साचतो.

पंचवटीतल्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी हिरड्यांचे डॉक्टर खुणा केलेली बारीक सळई हिरडी आणि दाताच्या फटीत घालून खोली मोजतात. निरोगी हिरडीत ती ३ मिलिमीटरपर्यंत जाते. जुन्या पायरियात ६-७ मिलिमीटर आत शिरते, आणि खुर्चीतला माणूस बहुतेक वेळा सांगत असतो, की दुखत तर काहीच नव्हतं.