गवतासाठी कांगारूंची मोजदाद

कॅनबेरा वसवताना टेकड्या मोकळ्या ठेवल्या. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत आज तीसहून अधिक राखीव माळ आणि रानं आहेत आणि लोकांच्या परसाच्या कुंपणापलीकडे करडे कांगारू चरत असतात. कांगारूंना मारणारे डिंगो हे रानकुत्रे इथून कधीच हुसकावले गेले, मूळ रहिवासी करत ती शिकार थांबली, चहूबाजूंनी रस्ते आले. कांगारूंची संख्या आटोक्यात ठेवणं मग माणसाकडे आलं. त्याची सुरुवात मोजणीने होते. त्या मोजणीत मी स्वयंसेवक म्हणून चालते.

माळाच्या एका टोकाला आम्ही ओळीने उभे राहतो. शेजारचा सतत नजरेत राहील एवढंच अंतर. इशारा झाला की सगळ्यांनी एका चालीने निघायचं. कांगारू आधी पुढे पळतात. कुंपण जवळ आलं की वळतात आणि ओळीच्या फटींतून मागे निसटतात. आपण आणि डावीकडचा माणूस यांच्या मधून गेला तो आपला. उजव्या बाजूने अगदी अंगाला घासून गेला तरी तो शेजाऱ्याचा. हा नियम मोडला की एकच जनावर दोन वह्यांत चढतं. कळप एकदम अंगावर उसळतो तेव्हा छाती धडधडते, पण आकडा अंदाजाने टाकायचा मोह आवरावाच लागतो. त्या आकड्यावर कुणाचा तरी जीव ठरणार असतो. मधूनच झुडपातून काळपट वॉलबी निघते, पाठ वाकलेली, डोकं खाली. ती मुख्यतः झुडपांचा पाला खाते, म्हणून तिला कांगारूंत धरायचं नाही. झाडी दाट असेल तिथे असं चालून भागत नाही. तिथे ठरावीक चौकटींतल्या लेंड्या मोजून संख्या काढतात.

सोबतचे रेंजर मात्र कांगारूंपेक्षा पायाखाली जास्त बघतात. गवत किती उंच, ठोंबांच्या मधली माती किती उघडी पडली आहे. या गवतात तळहातावर मावेल एवढा, बाहेरून कान न दिसणारा एक सरडा राहतो, तोही कोळ्यांनी आणि रातकिड्यांनी खणलेल्या बिळांत. इथेच सोनेरी पंखांचा एक पतंग आहे. प्रौढ झाल्यावर त्याला खाता येईल असं तोंडच नसतं, जेमतेम काही दिवस जगतो. असे माळ फार थोडे उरले आहेत. गवत बुडख्यापर्यंत कुरतडलं गेलं तर हे जीव उघडे पडतात. अजिबात चरलं गेलं नाही तर गवत इतकं दाटतं की सरड्याला फिरायला वाट राहत नाही. म्हणून कांगारू हवेतच, हेक्टरी साधारण एकाच्या आसपास.

जास्तीचे कांगारू 2009 पासून बहुतेक वर्षी गोळी घालून कमी केले जातात. काम रात्रीचं, रान लोकांना बंद, नेमबाज परीक्षा घेऊन निवडलेले. मार्च ते जुलै हाच काळ असतो, कारण तेव्हा पिशवीतली पिल्लं अगदी लहान असतात. थोडी मोठी, आईवर अवलंबून असलेली पिल्लं मागे उरून तडफडू नयेत, हा त्यामागचा विचार. मारलेल्या मादीच्या पिशवीतलं पिल्लूही मारावं लागतं. हे लिहिताना माझा हात जड होतो. विरोध करणारे दरवर्षी बाहेर उभे राहतात, न्यायाधिकरणापर्यंतही गेले. त्यांची कळकळ मला खरी वाटते, तरी मी या कामाच्या बाजूने आहे. सरड्यासाठी रस्त्यावर कुणी उतरत नाही आणि तो संपला तर परत आणता येणार नाही.

दुसरी वाट लशीची. गोनाकॉन नावाची लस बाणाने टोचली की बहुतेक माद्यांना कित्येक वर्षं पिल्लं होत नाहीत. पण टोचलेली मादी पुढे अनेक वर्षं चरतच राहते, म्हणजे गवताला लगेच उसंत नाही. शिवाय एकेका मादीच्या जवळ जाऊन नेम धरायचा, टोचलेली कोणती याची खूण राखायची. मोठ्या माळावर हे आवाक्याबाहेर जातं. जिथे संख्या आधीच खाली आली आहे, अशा लहान रानांत ही लस चालू शकते. तिथे लागेल तेवढा पैसा आणि माणसं सरकारने द्यावीत, म्हणजे निदान त्या रानांत बंदूक पुन्हा न्यावी लागणार नाही.