जुन्या जीपचा पार्ट नावाने नको, मापाने मागा

बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "सासऱ्यांच्या वेळची जीप दारात उभी आहे. मिस्त्री म्हणतो, अमेरिकन इंजिन आहे, पार्ट मिळत नाहीत, भंगारात घाला. घालू का?" श्रीपूर, अकलूज, वेळापूर या आपल्या पट्ट्यात अशी जुनी जीप काही घरांत अजून आहे. भंगारवाला तिचं वजन करतो. चालू जीप मात्र दूध नेते, खत आणते, अडीनडीला दवाखान्यात पोचवते. म्हणून आज आपण जुन्या इंजिनाला जुळणारा पार्ट कसा शोधायचा ते समजून घेऊ.

आधी ही गाडी कुठली ते पाहू. विलीज जीप अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बनली. आपल्याकडे १९४५ साली सुरू झालेल्या आणि १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र हे नाव घेतलेल्या कंपनीने ती मुंबईत जोडायला सुरुवात केली आणि पुढे हळूहळू इथेच बनवली. उंच बॉनेटची जीप अमेरिकेत १९५३ साली आली आणि १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे मात्र त्याच ठेवणीच्या गाड्या त्यानंतरही अनेक वर्षं निघत राहिल्या. त्यामुळे इंजिन अमेरिकन असलं, तरी त्याचे पार्ट आपल्या देशातही बनले आहेत.

मग अडतं कुठे? "जीपचा पार्ट द्या" एवढंच सांगितलं तर अडतं. कुकरची रिंग आणताना आपण कंपनी आणि लिटर सांगतो ना? इथेही तसंच आहे. विलीजच्या पेट्रोल इंजिनाचे मुख्य प्रकार दोन. जुन्या प्रकारात दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात आणि वरचं हेड चपटं असतं. नंतरच्या प्रकारात हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो, म्हणून इंजिन उंच झालं आणि बॉनेटही उंच करावं लागलं. दोन्हींचा सिलिंडर ३ पूर्णांक १/८ इंचाचा, म्हणजे सुमारे ७९.४ मिलिमीटर. माप एकच असल्यामुळे दुकानदार म्हणतो, "दोन्ही सारखंच." पण एकाचं हेड आणि हेड गॅस्केट दुसऱ्याला चालत नाही. चुकीचं गॅस्केट बसलं तर पाणी ऑइलमध्ये जातं, आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं.

आणखी एक फरक बाहेरून दिसत नाही. सुरुवातीच्या काही इंजिनांत कॅमशाफ्ट साखळीने फिरतो, नंतरच्या इंजिनांत गिअरने. साखळीने तो क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरने उलट दिशेने. त्यामुळे एकाचा कॅमशाफ्ट दुसऱ्यात घालून चालत नाही.

आता मापाचं. ब्लाउज अंगाला घट्ट झाला की आपण शिलाई उसवून वाढवतो. मग नवीन शिवताना मूळ माप सांगून चालत नाही, वाढवलेलं सांगावं लागतं. इंजिनाचंही तसंच. सिलिंडर झिजला की वर्कशॉपमध्ये तो बोअर करून मोठा करतात आणि त्यात मोठा पिस्टन बसवतात. मिस्त्री "१० साईज, २० साईज, ३० साईज" म्हणतात, ते इंचाचे हजारावे भाग असतात. १० म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, २० म्हणजे अर्धा, ३० म्हणजे पाऊण. क्रँकचं याच्या उलट असतं. तो घासून बारीक करतात, म्हणून बेअरिंगची शेल तेवढी जाड घ्यावी लागते. पिस्टन सैल बसला तर इंजिन ऑइल खातं आणि निळा धूर सोडतं. फार घट्ट बसला तर तापून जाम होतं. तेव्हा आधी इंजिन उघडून मोजायचं, मग पार्ट घ्यायचा. आधी खरेदी आणि मग मोजणी केली तर पैसे वाया जातात.

बोल्टकडेही लक्ष द्या. ही इंजिनं इंचाच्या मापाची. ३/८ इंचाचा बोल्ट साडेनऊ मिलिमीटरचा भरतो. त्या जागी १० मिलिमीटरचा बोल्ट जोर लावून पिळला तर ब्लॉकचे आटे जातात. विजेच्या वस्तू घेताना व्होल्ट बघा. जुन्या विलीज ६ व्होल्टच्या, नंतरच्या गाड्या १२ व्होल्टच्या.

पार्ट मिळतो कुठे? आधी अकलूज, पंढरपूर, सोलापूरच्या जुन्या दुकानांत विचारा. मुंबईत ऑपेरा हाऊस भागात नव्या पार्टची दुकानं आहेत आणि कुर्ल्याला जुन्या पार्टचा बाजार आहे. उत्तरेत हरियाणातलं मंडी डबवाली हे गाव तर जीपसाठीच प्रसिद्ध आहे. नवीन पार्ट मिळालाच नाही, तरी जुना दुरुस्त होऊ शकतो. सिलिंडरमध्ये स्लीव्ह बसवता येते, क्रँक घासता येतो. ऑइल चेंबरचं किंवा पाण्याच्या पंपाचं गॅस्केट शीटमधून कापता येतं. हेड गॅस्केट मात्र घरी कापू नका.

या सगळ्याच्या आधी आरसी बुक काढा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. गाडी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावावर असेल तर ती वारसाच्या नावावर करून घ्या. इंजिनावरचा नंबर आरसीशी जुळतो का पाहा. पूर्वी कुणी पेट्रोल काढून डिझेल इंजिन बसवलं असेल, किंवा तुम्हाला ब्लॉकच बदलायचा असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओकडे त्याची नोंद लागते. कागद अडकलेले असतील तर इंजिनावर खर्च करू नका. आधी कागद सोडवा.

दुकानात जाताना वहीच्या एका पानावर हे लिहून न्या : गाडीचं साल, इंजिन नंबर, हेड चपटं की उंच, साखळी की गिअर, पिस्टनची साईज, शेलची साईज, व्होल्ट. जुना पार्ट पिशवीत बरोबर ठेवा आणि नव्याशेजारी ठेवून बघा. पक्की पावती घ्या, आणि "माप जुळलं नाही तर परत घेऊ" असं तिच्यावर लिहून घ्या. मिस्त्रीकडून काढलेले जुने पार्टही मागून घ्या, म्हणजे काय बदललं ते कळतं. गाडी चालवता येत नसली, तरी हे सात रकाने कुठलीही बाई भरू शकते. पान भरलेलं असलं, की "मिळत नाही" म्हणणाऱ्याला आपण विचारू शकतो, "यातलं नेमकं काय मिळत नाही?"