कुलाब्याचे अ‍ॅडम्स आणि पोलादपूरचा सौर बंब

‘सूर्यघर योजनेत पाणी तापवायचा सोलर बसतो का?’ महाड-पोलादपूरकडे हा प्रश्न हमखास येतो. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली ही योजना वीज बनवणाऱ्या छतांसाठी आहे. तीन किलोवॉटला केंद्राचे ७८ हजार रुपये मिळतात. सौर बंबालाही कधीकाळी राष्ट्रीय सौर अभियानातून अनुदान होतं, ते २०१४ मध्ये बंद झालं.

भौतिकशास्त्राला विचाराल तर हा अन्यायच आहे. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साडेतीन युनिट लागतात. विजेचं पॅनेल अंगावर पडलेल्या उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा उपयोगात आणतं, तर काचेखालचा काळा पत्रा निम्म्याच्या आसपास. टाकी वर ठेवली की हलकं झालेलं गरम पाणी आपणहून वर चढतं, पंपही लागत नाही.

उन्हाच्या उष्णतेचा विषय निघाला की विल्यम अ‍ॅडम्स यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. हा गृहस्थ मुंबई हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार. कागदपत्रं सांभाळता सांभाळता त्याने कुलाब्यात साध्या सपाट आरशांची रांग मांडली, ऊन तांब्याच्या बॉयलरवर एकवटलं आणि वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. त्याच्या सौरचुलीत सात सैनिकांचं जेवण दोन तासांत शिजलं, तेही जानेवारीत! १८७८ मध्ये त्याने या विषयावर मुंबईतच पुस्तक छापलं. सौरऊर्जेच्या आपल्या भाषणांत त्याचा उल्लेख मात्र क्वचितच कानावर येतो.

आता पैशाचं. वीज कमी घ्या म्हणून वीज कंपनीनेच ग्राहकाला सवलत का द्यावी? बेंगळुरूत बेस्कॉमने ती दिली: सौर बंब असलेल्या घराला युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये. गणपतीच्या चार दिवसांसाठी एसटीला जादा गाड्यांची जुळवाजुळव करावी लागते, तसं सकाळी एकदम लागणाऱ्या गिझरांसाठी कंपनीला जादा विजेची सोय करावी लागते. ती गर्दी ओसरली तर कंपनीचाच खर्च वाचतो.

पण हे गणित महाडच्या इमारतींत लागू पडतं, पोलादपूरच्या घाटाखालच्या वाड्यांत नाही. तिथे पाणी तापतं चुलीवर नाहीतर बंबात, लाकडावर. सौर बंब आला तर जंगल वाचेल, धूर वाचेल, बाईमाणसाची मोळी वाचेल. महावितरणचं एक युनिटही वाचणार नाही. मग त्यांनी पैसे कशाला मोजावेत? त्यात जून ते सप्टेंबर इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तेव्हा सूर्याच्या भरवशावर पाणी कोमटच. (महाडजवळच्या सव गावातल्या गरम झऱ्यांचं पाणी तेवढं पावसातही गरम, पण ते घरोघरी कोण नेणार!)

म्हणून इथली सवलत वीजबिलात शोधण्यापेक्षा घरपट्टीत मागावी. पुणे महापालिका पर्यावरणपूरक सोयींसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते, त्यात सौर बंबही येतो. महाड नगरपरिषद आणि पोलादपूर नगरपंचायतीपुढे हा नमुना ठेवायला हरकत नाही. आणि घरात गिझर असेल तर अनुदानाची वाट न पाहता छोटा सोलर बसवा. फक्त पावसाळ्यासाठी गिझर काढू नका.